यशपाल कोलकार आणि ठाण्यातली अक्का

यशपाल कोलकार निवृत्त झाले त्या दिवशी हुबळीच्या अग्निशमन ठाण्यातल्या लोकांनी त्यांना फेटा बांधला, गुलाबाचा जाडजूड हार घातला आणि ठाण्याच्याच गाडीत बसवून घरी पोचवायला निघाले. गाडी फाटकाशी आली तेव्हा यशपाल ड्रायव्हरला म्हणाले, "जरा मागच्या अंगाला घे." मागे चिंचेखाली एक जुनी लाल गाडी कित्येक वर्षं उभी होती. चाकं जमिनीत रुतलेली, काचा गेलेल्या. यशपाल खाली उतरले, गळ्यातला हार काढून त्या गाडीच्या आरशाच्या दांड्याला अडकवला आणि परत येऊन गुपचूप बसले.

हे मला त्यांच्या बायकोनं, गौतमीनं सांगितलं. मी हुबळीच्या मराठी शाळेत शिकवत असे तेव्हा त्यांची मुलगी स्मृती माझ्या वर्गात होती. पुढे त्यांनी आमच्या शेजारीच घर बांधलं आणि ओळख वाढली. गौतमी हसत होती, पण थोडी रागावलेलीही होती.

"मला वाटलं हार घरी येईल, बाबासाहेबांच्या फोटोला घालू. तर हे अक्काला घालून आले."

अक्का म्हणजे ती गाडी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, मराठी घरातसुद्धा. ठाण्यातल्या सगळ्या गाड्यांहून आणि बहुतेक माणसांहून ती जुनी, म्हणून कुणीतरी कधीतरी तिला अक्का म्हणालं आणि तेच नाव पडलं. लांब नाकाची, गोल दिव्यांची, डोक्यावर लाकडी शिडी आणि दाराशी पितळेची घंटा. यशपाल नोकरीला लागले तेव्हाच ती मध्यमवयीन होती.

ते नोकरीला लागले ते तसे अपघातानंच. त्यांचे वडील आप्पासाहेब बेळगावकडच्या एका खेड्यातून हुबळीला आले आणि रेल्वेच्या कारखान्यात लागले. मुलानंही रेल्वेतच यावं असं त्यांना वाटे. यशपाल मात्र शाळा संपल्यावर लॉरीवर क्लीनर म्हणून चढले आणि मग ड्रायव्हर झाले. अळणावरहून सागवान भरून हुबळीला आणायचं, परत जायचं, पुन्हा भरायचं. जंगलातल्या चिखलाच्या वाटांवर भरलेली लॉरी काढायचा हात त्यांना तिथे बसला. अग्निशमन खात्यात ड्रायव्हरांची भरती निघाली तेव्हा आप्पासाहेबांनीच त्यांना रांगेत उभं केलं. "रेल्वे नाही तर नाही," ते म्हणाले, "पण अंगावर सरकारी कपडा पाहिजे."

परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यानं त्यांना अक्कावर बसवलं आणि फाटकातून गाडी उलटी आत घ्यायला सांगितली. यशपालांनी ती एका दमात घेतली. त्याच दिवसापासून ती गाडी त्यांच्या नावावर झाली म्हणायला हरकत नाही.

लग्नानंतर गौतमी ठाण्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये आली. दोन खोल्या, बाहेर एक पेरूचं झाड, आणि अंगणापलीकडे गाड्यांची शेड. आग लागल्याची खबर आली की ठाण्याची मोठी घंटा वाजे आणि सगळे धावत.

"घंटा झाली की मी ताट झाकायची," गौतमी सांगते. "पहिली दोन वर्षं मी पण जेवायची थांबायची. मग शहाणी झाले. आपलं जेवून घ्यायचं, ह्यांचं झाकून ठेवायचं. आल्यावर काय विचारायचं नाही. आधी अंघोळ, मग जेवण, मग बोलणं. धुराचा वास केसांतून दोन-दोन दिवस जायचा नाही."

इतकी वर्षं आवारात राहून ती अक्काच्या जवळ कधी गेली नाही. गाडीनं आपल्या नवऱ्याला न्यायचं आणि परत आणायचं, एवढाच तिचा गाडीशी संबंध. स्मृती लहानपणी टपावर चढून बसे तेव्हाही गौतमी तिला उंबऱ्यातूनच हाका मारी.

यशपालांनी नोकरीत काय काय विझवलं ते विचारलं तर ते फार सांगत नाहीत. अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीची पोती पेटली होती त्याबद्दल मात्र ते बोलतात, कारण त्या धुरानं सगळ्या ठाण्याचे डोळे आठवडाभर सुजले होते आणि तेव्हापासून त्यांच्या छातीत खोकला राहून गेला. आणि दुसरी एक गोष्ट सांगतात, ती आगीची कमी आणि आप्पासाहेबांची जास्त आहे.

नोकरीला दोन-तीन वर्षं झाली असतील. उन्हाळ्याचे दिवस. अळणावरच्या अलीकडे एका खेड्यात कडब्याच्या बणव्या, म्हणजे रचून ठेवलेल्या गंज्या, पेटल्या आणि वाऱ्यानं आग घरांच्या ओळीकडे सरकली. अक्का भर दुपारी तिथे पोचली. गाडीतलं पाणी असं किती पुरणार? बघता बघता टाकी रिकामी झाली. गावात पाणी एकाच ठिकाणी होतं, देवळासमोरच्या दगडी पायऱ्यांच्या तळ्यात. आमच्या भागात ड्रायव्हरच पंप चालवतो. यशपालांनी गाडी तळ्याच्या काठाला लावली, पाणी ओढून घेणारा जाड काळा पाइप खांद्यावर घेतला आणि पायऱ्या उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरल्यावर त्यांचे पाय आपोआप थबकले. का, ते त्यांना सांगावं लागलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. आप्पासाहेब ज्या गावातून आले, तिथल्या तळ्याच्या पायऱ्यांना त्यांचे पाय कधी लागलेले नव्हते. हे गाव दुसरं होतं, पण पायऱ्या तशाच होत्या.

काठावर गाव जमलं होतं. यशपाल उतरले, पाइपचं तोंड पाण्यात बुडवलं, वर येऊन पंप चालू केला. अक्कानं पाणी ओढलं. संध्याकाळपर्यंत आग विझली. दोन घरांची छपरं गेली, माणूस एकही गेला नाही.

परतल्यावर वडिलांच्या घरी जाऊन त्यांनी हे आप्पासाहेबांना सांगितलं. म्हातारा चहा पीत होता. बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पाइप पाण्यात कुणी सोडला?"

"मी."

"तू खाली उतरलास?"

"उतरल्याशिवाय कसा सोडणार?"

"कोण काय बोललं?"

"बोलले की. लगू बिडरी, लगू बिडरी, म्हणून ओरडत होते सगळे."

लगू बिडरी म्हणजे लवकर सोडा. आप्पासाहेबांनी अजून एक कप चहा मागितला, जो ते कधी मागत नसत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी ही हकिगत इतक्या लोकांना सांगितली की संध्याकाळी अर्धा कारखाना यशपालांना ओळखायला लागला. पुढच्या रविवारी ते इस्त्रीचं धोतर नेसून ठाण्यात आले. गाडी बघायची आहे म्हणाले. अक्काच्या कडेला अडकवलेल्या त्या काळ्या पाइपवर त्यांनी हात ठेवला, जसा आपण बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा, आणि गौतमीच्या हातचं जेवून परत गेले.

नोकरीत यशपालांची एकच तक्रार होती, आणि तीही त्यांची नव्हे, गौतमीची. चौदा एप्रिल. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, आणि देशभर अग्निशमन दिनही त्याच दिवशी. ठाण्यात सकाळी संचलन, कर्तव्य बजावताना गेलेल्या जवानांना मानवंदना, मग लोकांना प्रात्यक्षिकं. ड्रायव्हरला सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. गौतमी पांढरी साडी नेसून, स्मृतीला पांढरा फ्रॉक घालून मिरवणुकीला जाई. बाकी बायांचे नवरे बरोबर असत.

"लोक विचारायचे, यशपाल कुठे? मी म्हणायची, गाडीजवळ."

निवृत्तीनंतरच्या पहिल्या जयंतीला ते दोघं मिरवणुकीत एकत्र चालले. गौतमी त्या दिवशी फार खूश होती. यशपालही होते, पण ठाण्यावरून जाताना त्यांची मान फाटकाकडे वळली ती गल्ली संपेपर्यंत तशीच होती.

त्याच सुमारास पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या भंगारात काढायचा नियम आला. अक्काचं वय त्याच्या जवळजवळ चौपट. ती चालत नव्हती म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आली नव्हती, आता आली. यशपालांना ठाण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोन करून सांगितलं. त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"बाई, माणूस मेला तर खांदा देतात. गाडी कापतात."

"मग जाऊन बोला की अधिकाऱ्यांशी."

"मी ड्रायव्हर माणूस. निवृत्त. काय बोलणार?"

"हेच बोला."

ठाण्याच्या नव्या अधिकारी हेमावती मॅडम म्हैसूरकडच्या. गंभीर चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या. यशपाल घाबरत त्यांच्यासमोर उभे राहिले आणि ही गाडी कापू नका, ठाण्यासमोर ठेवा, लोकांना बघू द्या, एवढंच म्हणाले. मॅडमनी त्यांना घेऊन चिंचेखाली फेरी मारली. गाडीभोवती दोनदा फिरल्या. बसायच्या जागेत खारीनं घर केलं होतं आणि पाइपच्या पेटीत मधमाश्यांचं पोळं होतं.

"माझे वडीलही याच खात्यात होते," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "त्यांची गाडी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. कुणी काही बोललं नाही."

त्यांनी वर विचारणा केली. बरेच महिने गेले, आणि परवानगी आली: प्रदर्शनासाठी ठेवता येईल, रस्त्यावर आणता येणार नाही. सामान खातं देणार होतं. काम कुणी करायचं हा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर गोकुळ रोडवर होतं.

गोकुळ रोडला प्रभंजनची शेड आहे. लॉऱ्यांची बॉडी बांधायचं काम, वडिलांपासून चालत आलेलं. माणूस पन्नाशीचा, तोंडानं फटकळ. वाक्य मराठीत सुरू करतो, शिवी कन्नडमध्ये देतो. क्रेननं अक्काला त्याच्या शेडमध्ये आणून ठेवली तेव्हा त्यानं कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"रंग देतो," तो म्हणाला. "झकास रंग देतो. चाकं बसवतो. इंजिन काढून टाकू, पंप काढून टाकू. वजन कमी होईल. पुतळ्याला आतडी कशाला?"

"इंजिन राहू दे," यशपाल म्हणाले.

"ते जाम आहे, अण्णा. वीस वर्षं झाली."

"मी सोडवतो. तुझी माणसं लावू नको. मी एकटा बसतो कोपऱ्यात."

"सरकारनं रस्त्यावर आणू नको म्हटलंय. चालू करून कुठे नेणार?"

"कुठे नाही. जागेवर चालू दे."

प्रभंजननं खांदे उडवले. यशपाल दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन गोकुळ रोडला जायला लागले. सिटी बसनं जायचं, संध्याकाळी परत. त्यांनी नोझल काढले, एकेका सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल मिसळून ओतलं आणि मुरत ठेवलं. रोज सकाळी पहारीनं जरासा जोर देऊन बघायचं. हललं नाही की पुन्हा तेल, पुन्हा झाकण. प्रभंजनचे कामगार चेष्टा करत, "अण्णा लोणचं घालायलाय." यशपाल हसत आणि तेवढ्या वेळात पंप उघडून साफ करत बसत. पंपाचं आतलं पितळी चाक त्यांनी घासून असं चकचकीत केलं होतं की एकदा मी गेले तेव्हा त्यात मला माझा चेहरा दिसला.

एका सकाळी पहार दिली आणि इंजिन बोटभर सरकलं. यशपालांनी कुणाला हाक मारली नाही. त्यांनी पहार खाली ठेवली, हात पुसले आणि जाऊन चहा सांगितला, स्वतःसाठी आणि प्रभंजनसाठी. प्रभंजन म्हणाला, "काय झालं?" यशपालांनी पहारीकडे बोट दाखवलं. प्रभंजन उठला, स्वतः जोर देऊन पाहिलं, आणि त्या दिवसापासून पुतळ्याची भाषा बंद झाली. उलट लाकडी सांगाड्याचे कुजलेले भाग बदलायचे ठरले तेव्हा साधं लाकूड चालणार नाही, सागवानच पाहिजे, म्हणून तोच भांडायला लागला.

रंगावरून मात्र दोघांची चांगलीच जुंपली. प्रभंजनला हल्लीच्या गाड्यांसारखा भडक लाल पाहिजे होता. यशपाल म्हणत, अक्काचा लाल वेगळा होता, जरा गडद, पिकलेल्या करवंदाच्या अलीकडचा. करवंदाच्या अलीकडचा म्हणजे नेमका कुठला, हे रंगाच्या दुकानात कसं सांगणार? शेवटी नंबरची पाटी काढली तेव्हा तिच्यामागे ऊन न लागलेला हातभर मूळ रंग सापडला. प्रभंजननं तेवढा पत्रा सोडवून दुकानात नेऊन दाखवला. "तुझं करवंद मिळालं," तो आल्यावर म्हणाला.

पण रंगाआधी घासकाम आलं, आणि घासकामानं यशपालांची छाती भरली. जुन्या रंगाची धूळ, गंजाची धूळ. एका रात्री खोकला थांबेना तेव्हा गौतमी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. धूळ आणि रंगाचा फवारा दोन्ही बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी येऊन गौतमीनं डबा धुवून वरच्या फळीवर ठेवला.

"झालं. साकु, पुरे," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं मी काय बोलले नाही. आता बोलायलेय. तिथे जायचं नाही."

यशपाल गेले नाहीत. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. पेपर वाचत, अंगण झाडत. चिडचिड नाही, वाद नाही. फक्त जेवताना भाकरी अर्धी व्हायला लागली. गौतमीला ते बघवेना. एके दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, चला जरा गोकुळ रोडला. मला बघायचंय काय आहे तिथे एवढं."

आम्ही दोघी रिक्षानं गेलो. प्रभंजन तिला पाहून उठून उभा राहिला. अक्काचा सांगाडा घासून नुसता राखाडी झाला होता, दारं काढून भिंतीला टेकवली होती. गौतमी तिच्याभोवती सावकाश फिरली. मग तिनं पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि आत चढली. आत बसायला काही नव्हतंच, गंजलेल्या स्प्रिंगा तेवढ्या होत्या.

"बसायचं कशावर?" तिनं विचारलं.

"सीट बाहेर करायला द्यायच्या आहेत, अक्का," प्रभंजन म्हणाला, आणि गाडीला की गौतमीला अक्का म्हटलं ते कळेना म्हणून स्वतःच हसला.

"कोणाला देणार? मी शिवते. रेक्झिन आणून द्या. माप मी घेते."

गौतमी क्वार्टरमध्ये असताना अर्ध्या ठाण्याचे गणवेश शिवत असे. तिनं माप घेतलं, जुन्या सीटचा एक फाटका तुकडा पिशवीत टाकला आणि प्रभंजनला अटी सांगितल्या. घासकाम चालू असेल तेव्हा ह्यांनी शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. फवारा असेल तेव्हाही नाही. बाकी दिवशी ती स्वतः बरोबर येणार, आणि तोंडाला फडकं बांधलेलं तिला दिसलं पाहिजे.

"आयितु," प्रभंजन म्हणाला. ठरलं.

असा तो डबा फळीवरून खाली आला, आणि त्यात आता दोघांचं जेवण भरलं जायला लागलं. गौतमी शेडच्या दाराशी स्टूल टाकून बसे. सीट शिवून झाल्या तरी ती जातच राहिली. यशपाल इंजिनाखाली झोपून पाना मागत, ती पेटीतून काढून देई. महिन्याभरात तिला पानेही ओळखू यायला लागले. मला एकदा ती अगदी सहज म्हणाली, "पंपाच्या दांड्याला दोरी भरायची असते बाई, नाहीतर हवा धरतो." मी हो म्हटलं. मला काय कळणार?

इंजिन चालू झालं ते एका शनिवारी सकाळी. दोनदा नुसताच घर्र आवाज करून बंद पडलं. तिसऱ्यांदा काळा धूर ओकलं, खोकलं, आणि धरलं. सगळी शेड थरथरायला लागली. प्रभंजनच्या कामगारांनी हातातली कामं टाकली. यशपाल स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून होते. गौतमीनं खिडकीतून काहीतरी विचारलं, आवाजात ऐकू गेलं नाही. त्यांनी शेजारच्या सीटकडे बोट केलं. ती वळसा घालून आली, चढली, बसली. गाडी जागची हलत नव्हती, तरी दोघं समोर बघत होते, जणू काही रस्ता पुढे आहे. मी दाराशी उभी होते. किती वेळ बसले होते सांगता येणार नाही, पण प्रभंजननं शेवटी डिझेल संपतंय म्हणून हाक मारली.

हेमावती मॅडमनी उद्घाटनाचा दिवस ठरवला. अर्थातच चौदा एप्रिल. यशपाल ते सांगायला घरी आले तेव्हा जरा चाचरतच होते.

"ह्या वर्षी पण?" गौतमी म्हणाली.

"सकाळी तिकडे. मिरवणूक तर संध्याकाळी आहे. दोन्ही होतं."

"इतकी वर्षं का नाही झालं मग?"

"इतकी वर्षं संध्याकाळी ड्यूटी असायची. आता नाही."

गौतमीनं थोडा विचार केला. "मग मी पण सकाळी येते," ती म्हणाली. "पांढऱ्या साडीतच येते. तिथूनच मिरवणुकीला जाऊ."

त्या सकाळी ठाण्याचं आवार माणसांनी भरलं होतं. संचलन झालं, मानवंदना झाली. अक्का फाटकाच्या आत, नव्या चौथऱ्यावर, हौदाशेजारी उभी. खोल लाल रंग, पितळी नळ, टपावर सागवानी शिडी. मॅडमनी फीत कापली आणि यशपालांना पंप चालू करून दाखवायला सांगितलं. त्यांनी तो काळा पाइप हौदात सोडला, इंजिन चालू केलं, पंप जोडला. सगळे समोरच्या नळीच्या तोंडाकडे बघत राहिले. पाणी आलं नाही.

इंजिन नुसतं घोंगावत होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. प्रभंजन पुटपुटला, कन्नडमध्ये. यशपालांच्या कपाळावर घाम आला. ते वाकून पाइपच्या जोडाशी कान लावत होते, पण इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना. तेवढ्यात गौतमी गर्दीतून पुढे आली.

"हवा धरतोय," ती म्हणाली. "सांध्यातून."

"कुठल्या?"

"दुसऱ्या. ओला दिसत नाही बघा, बाकीचे ओले आहेत."

यशपालांनी मोठा पाना घेऊन दुसरा जोड आवळला. गौतमीनं हौदातून बादली भरून जोडावर ओतली, म्हणजे फटीतून हवेऐवजी पाणी आत जाईल. पाइप एकदा आखडला, थरथरला, आणि पंपाचा आवाज जड झाला. नळीतून आधी फसफस हवा आली, मग तांबूस पाणी, आणि मग पांढरी सरळ धार मागच्या चिंचेच्या शेंड्याच्या वर गेली. वाऱ्यानं ती वळली आणि पुढच्या रांगेतले पाहुणे भिजले. मॅडमही भिजल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

भाषणं झाली. यशपालांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते माइकसमोर उभे राहून म्हणाले, "गाडी चांगली आहे." आणि खाली बसले. टाळ्या भरपूर पडल्या.

संध्याकाळी मिरवणुकीत दोघं शेजारी शेजारी चालत होते. यशपालांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला ग्रीसचा एक डाग होता. गौतमीनं तो पाहिला होता, पण बदला म्हणाली नाही. स्मृतीनं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा बापानं तिला मिरवणूक दाखवायच्या आधी सकाळची धार कशी उडाली ते सांगितलं.

आता अक्का फाटकाशी उभी असते. शाळांच्या सहली येतात. यशपाल शनिवारी सकाळी जाऊन इंजिन थोडा वेळ चालवतात, पंप फिरवतात, जोडांना तेल देतात. खोकला आहे, पण ताब्यात आहे. ठाण्यातली नवी पोरं त्यांना अप्पा म्हणतात आणि चहाला थांबवून घेतात.

गेल्या महिन्यात हेमावती मॅडमचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या एका ठाण्यात एक जुना पंप सापडला होता, गाडीच्या मागे जोडून न्यायचा, दोन चाकांचा. लाकडी चौकट वाळवीनं खाल्लेली. बघता का? यशपालांनी गौतमीकडे पाहिलं. तिनं मान डोलावली तेव्हा त्यांनी फोनवर हो म्हटलं. प्रभंजन आधी म्हणाला, माझ्याकडे जागा नाही, माझा धंदा आहे की धर्मशाळा? दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर त्यानं शेडचा कोपरा मोकळा करून झाडूनही घेतला होता.

चौकटीला सागवान लागणार. ते अळणावरलाच चांगलं मिळतं, यशपालांची तिथल्या वखारवाल्यांशी लॉरीच्या दिवसांपासूनची ओळख. परवा सकाळी दोघं लोंढ्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं निघाले. मला म्हणाले, चला बाई, हवा चांगली आहे. मीही गेले. धारवाड मागे पडल्यावर झाडी लागली. यशपाल खिडकीशी बसून त्या दोन चाकांच्या पंपाबद्दल सांगत होते, त्याला टाकी नसते, तो नुसता ओढतो आणि फेकतो. गौतमी ऐकत होती. मग तिनं डबा उघडला, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घातली, एक माझ्या हातात दिली, एक त्यांच्या.

"आधी खा," ती म्हणाली. "मग सांगा."